शेवटच्या कार्डाखालची जागा

गोळीबार चौकातल्या दवाखान्यात
बुटांच्या खोक्यांत एकोणीस हजार कार्डं आहेत.
कंपाउंडर देवाजी बोकडे बोट जिभेला लावतात,
खोक्यात बुडवतात,
आणि पेशंटचं आडनाव संपायच्या आत कार्ड वर येतं.
"हे मोबाईलमध्ये करून दे," डॉक्टर म्हणाले,
"पण असंच."

'असंच' या शब्दात माझा अख्खा मे गेला.

कूलरच्या टाकीत दर दोन तासांनी बादली ओतायची,
ओल्या हातानंच परत कीबोर्डवर बसायचं.
एका कार्डावर दुसरं सरकवलं,
मागच्याचा चाळीस पिक्सेलचा काठ उघडा ठेवून.
तेवढ्यात नाव मावतं, वय मावतं,
आजार मावत नाही. बरंच झालं.
बोट वर नेलं की वरचं कार्ड थबकतं,
जरासं आकसतं, पांढऱ्याचं राखाडी होतं,
आणि मागून येणारं त्याच्यावर अलगद टेकतं.
पहिल्या दिवशी सावली इतकी गडद पडली
की सगळी चळत तेरवीच्या पत्रिकांसारखी दिसली.
मग सावली फिकी केली. परत फिकी केली.

एकोणीस हजार म्हणते खरी,
पण काचेमागे कार्डं अकराच.
वरून बाहेर पडलेलं तेच
दुसऱ्याचं नाव पांघरून खालून आत येतं.
एका रात्री जोरात बोट फिरवलं
आणि निमिषभर
कौसल्या धकाते यांच्या नावाखाली
हेडाऊ मास्तरांची साखर दिसली.
दोनशे ऐंशी.
कूलर बंद करून बसून राहिले.
खोक्यात असं एकदाही झालं नसेल.
पहाटे चारला चूक सापडली:
जुनं पुसायच्या आधीच नवं लिहीत होते मी.

दाखवायला नेलं तेव्हा
देवाजींनी अंगठा जिभेला लावला
आणि काचेवर टेकवला.
मी काही बोलले नाही.
ओला पट्टा उमटवत ते खाली गेले,
दोन हजार दहा, दोन हजार, नव्याण्णव,
कार्डं एकावर एक निजत गेली,
आणि चौऱ्याण्णवला ते थांबले.
"बाई, शेवटचा कार्ड दिसूनच नाही राह्यला."

बटणांच्या पट्टीखाली अर्धं गेलं होतं.
त्यांनी ओढलं, ते वर आलं.
सोडलं, परत बुडालं.
तीनदा.
"काका, इतक्या खाली कोण जातं?"
"कोन जाते म्हंजे? मी जातो नं."

निपानेबाई. मागावर बसायची. खोकला.
दहाची नोट दिली होती तिनं,
दवाखान्यात त्या दिवशी चिल्लर नव्हती.
"साडेतीन रुपये निघतात तिचे आपल्याकडं.
येईन म्हने परवा."
माग विकून घर हललं, कुठं ते माहीत नाही.
देवाजींना मात्र रक्कम माहीत होती,
आणि खोक्यातल्या पिवळ्या कार्डावर
लाल शाईत ती होती:
जमा ३.५०.
मी रकाने केले होते बाकीचे. जमेचा नव्हता केला.

घरी येऊन तो केला.
आणि शेवटच्या कार्डाखाली
शहाण्णव पिक्सेल मोकळे सोडले,
ज्यात काही नाही, काही यायचंही नाही,
एवढ्यासाठी की सगळ्यात खालच्याला
अंगठ्यापर्यंत वर येता यावं.
ओळ एकच.
महिनाभराच्या कामात सगळ्यात लहान.

सकाळी देवाजी खालपर्यंत गेले.
निपानेबाई अख्ख्या वर आल्या,
सोडल्यावरही तिथंच राहिल्या.
त्यांनी लाल आकडा चष्मा वर करून वाचला,
"हं," म्हणाले,
फोन टेबलावर पालथा ठेवला.
खिडकीशी कुणीतरी पराते उभे होते,
पोटऱ्या दुखतात म्हणून.
देवाजींनी बोट जिभेला लावलं
आणि खोक्यात बुडवलं.